डिडिमियम आणि रसायनशास्त्रज्ञांचा ‘निष्काळजीपणा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली, आभार. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवरील (लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या, गुणधर्मांनी एकमेकांसारख्या धातूंवरील) लेखात मी एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांची भलामण केली, असा आपला आक्षेप आहे. मोसांडर यांनी १८४१ मध्ये शोधलेले डिडिमियम हे ‘मूलद्रव्य’ मुळात प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम यांचे मिश्रण होते, ते सिद्ध व्हायला १८८५ साल उजाडले, आणि १८६०च्या सुमारास वर्णपटमापक (प्रकाशातल्या रंगरेषांवरून पदार्थ ओळखणारे उपकरण) हाती आलेला असताना एवढा उशीर म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा, असे आपण म्हणता. सनावळी बिनचूक आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये द्रावणात बहुतेक वेळा तीन धनभार घेऊनच वावरतात. लँथनमपासून ल्युटेशियमपर्यंत चौदा पायऱ्यांत आयनाची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटरवरून ८६ वर येते, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांत फरक जेमतेम एका पिकोमीटरचा. सिरियम चार धनभारांचे रूप सहज घेते, म्हणून ते वेगळे काढता येते. प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम यांच्या बाबतीत अशी पळवाट नव्हती. क्षारांच्या विद्राव्यतेतील किंचित फरक, एवढेच काय ते हाताशी होते.

१८८५ मध्ये हे दोन घटक वेगळे करणाऱ्या ऑयर फॉन वेल्सबाख यांनी त्यांचे अमोनियमबरोबरचे दुहेरी नायट्रेट क्षार घेतले. द्रावण आटवायचे, थंड करायचे, खाली बसलेले स्फटिक एका बाजूला आणि वर उरलेले द्रावण दुसऱ्या बाजूला घ्यायचे. मग एका भांड्यातले स्फटिक शेजारच्या भांड्यातल्या द्रावणात मिसळून पुन्हा तेच. एका फेरीत फरक डोळ्यांना दिसतही नाही. पुष्कळ फेऱ्यांनंतर एका टोकाला हिरवट आणि दुसऱ्या टोकाला गुलाबी-जांभळे क्षार जमू लागतात. चार्ल्स जेम्स यांनी थुलियम हे याच गटातले मूलद्रव्य शुद्ध रूपात मिळवण्यासाठी ब्रोमेटचे सुमारे १५,००० वेळा स्फटिकीकरण केल्याचे नमूद आहे (१९११). या माणसांना आणखी काही म्हणा, निष्काळजी म्हणू नका.

वर्णपटमापकाबद्दल आपले म्हणणे अर्धे खरे आहे. १८७९ मध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांनी डिडिमियममधून सॅमॅरियम बाहेर काढले, ते वर्णपटाच्याच आधाराने. पण मिश्रणातले प्रमाण बदलले की वर्णपटातल्या पट्ट्यांची तीव्रताही बदलते, आणि अशा बदलांवरून नवी मूलद्रव्ये जाहीर करण्याची त्या काळी जणू लाटच आली होती. क्रुक्स यांच्यासारख्या मुरलेल्या वर्णपटतज्ज्ञानेही १८९९ मध्ये ‘व्हिक्टोरियम’ जाहीर केले. ते पुढे टिकले नाही.

खरी अडचण याहून खोल होती. अशी मूलद्रव्ये एकंदर किती, हे सांगणारा नियमच नव्हता. अणुभारावरून काही कळेल म्हणावे, तर अणुभार १४१ (प्रॅसिओडिमियम) आणि १४४ (निओडिमियम) यांच्या मिश्रणाचा अणुभार मधला कुठला तरी येतो आणि तो कोणालाही खटकत नाही. मोझली यांनी १९१३-१४ मध्ये क्ष-किरण वर्णपटावरून अणुक्रमांक ठरवण्याची रीत दिली, तेव्हा कुठे हा गुंता सुटू लागला. यटर्बियममधून ल्युटेशियम वेगळे करणारे युर्बां १९१४ मध्ये ‘सेल्टियम’ हे आपले कथित नवे मूलद्रव्य घेऊन मोझलींकडे ऑक्सफर्डला गेले. तपासणीत नव्या मूलद्रव्याची रेषा काही मिळाली नाही.

ही मूलद्रव्ये वेगळी करण्याचे काम आज ‘एका यंत्रात’ होते, हे आपले विधानही तपासून पाहावे. कारखान्यांत सेंद्रिय फॉस्फरस आम्ल केरोसीनमध्ये मिसळून धातूंचे आयन जलीय द्रावणातून ओढून घेतले जातात. आणि एका टप्प्यात होणारी विभागणी आजही इतकी तोकडी असते की शेजारची मूलद्रव्ये सुटी करण्यासाठी असे शेकडो टप्पे ओळीने लावावे लागतात.