टोळी जमवताना घ्यायची काळजी

भागीदारीत गुन्हा करायचं पक्कं असेल, तर आधी अमेरिकन मालिका बघून घ्या. नाहीतर तुम्ही शेजारचा पोरगा, मेव्हणा किंवा यंत्रमागावर शेजारी उभा असलेला गडी घेऊन मोकळे व्हाल. विश्वासाचा माणूस घेणं ही खऱ्या चोरांची रीत. टीव्हीवर माणूस रंग बघून घेतात.

सूत्रधार गोरा हवा, कारण त्याच्या गुन्ह्याला कारण असतं. २००८ साली सुरू झालेल्या ‘ब्रेकिंग बॅड’मधल्या रसायनाच्या मास्तराला कॅन्सर आहे, गरोदर बायको आहे, वर गाड्या धुण्याचं जोडकाम. तो ड्रग बनवतो आणि जीव आपला तुटतो! त्याच्या जिवावर उठलेल्या मेक्सिकन जुळ्या भावांच्या वाट्याला कुऱ्हाड आणि टोकाला कवटी लावलेले बूट. तोंड उघडायची पाळीही क्वचितच. (त्याच मालिकेतला ड्रगचा बडा व्यापारी गस फ्रिंग काळा असून मास्तराला भारी पडतो, पण टोळी जमवताना असले अपवाद धरायचे नसतात.)

सोलापुरात गोरा कुठून आणणार? काळजी नको, आपल्याकडे ते काम जात, बोली आणि आडनाव करतं. पूर्व भागातला तेलुगू, विजापूर वेशीतला उर्दूवाला आणि अक्कलकोटकडचा कानडी इथे एकाच टपरीवर उधारीचा चहा पितात. मालिकेत तसलं चालत नाही. एकाला बालपण द्या, दुसऱ्याला चाकू द्या. आणि हिंदी मालिकेत शिरायला जाऊ नका. तिथे मराठी माणसाला हवालदार नाहीतर कामवाली बाई, एवढ्याच जागा.

जन्मावरून गुन्हेगार ओळखायची युक्ती टीव्हीची, असं मात्र समजू नका. १८७१ मध्ये इंग्रजांनी त्याचा कायदाच केला आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लावला. अख्ख्या जमाती गुन्हेगार, पाळण्यातल्या पोरासकट. आपल्या सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी घेतली. १९५२ मध्ये कायदा गेला. हजेरीपुस्तक बहुतेक मालिकावाल्यांनी रद्दीतून उचललं असावं, पात्रं अजून त्यातूनच निवडतात.

त्या वस्तीला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. तेव्हा शेवटची सूचना: कॅमेऱ्यासमोर कुणी पत्ता विचारला तर सात रस्ता सांगा. सेटलमेंट म्हणालात, की पहिल्याच भागात आत जाल, चोरी दुसऱ्यानं केलेली असली तरी.