गिरणीचा इतिहास सांगताना खातं विचारा

दरवर्षी १८ जानेवारीला, १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपाची आठवण म्हणून, आपल्या साताऱ्याच्या ग्रुपवर गिरणगावचे फोटो फिरतात. माण, खटाव, जावळी, पाटणची कितीतरी घरं गिरणीच्या मनीऑर्डरवर जगली. या आठवणी मलाही जवळच्या आहेत. पण एक प्रश्न कुणीच विचारत नाही. तुमचा माणूस कुठल्या खात्यात होता?

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईची पहिली गिरणी उभारायला घेतली, १८५६ ला ती सुरू झाली. सुरुवातीला गिरण्यांचा मोठा धंदा सुताचा, ते चीनला जायचं. पुढे जपानी सुतानं ती बाजारपेठ गिळली आणि इथं माग वाढले. विणकामात पगार चांगला. पण त्या खात्याचं दार अस्पृश्य कामगाराला बंद!

कारण ऐकलं की आजही संताप येतो. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. त्यातली कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणजे विटाळ. म्हणून दलित माणसाला कताईत, म्हणजे सूत कातायच्या त्रासन खात्यात ठेवलं. दमट हवा, नाकातोंडात कापूस, दिवसभर तुटलेले धागे सांधायचे. त्याच्या हातचं सूत सवर्ण विणकराला चालायचं, त्याच्या तोंडचा धोटा तेवढा चालत नव्हता.

१९२८ च्या मोठ्या संपात, एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद असताना, विणकाम खातं सर्वांना खुलं करा ही मागणी घेण्याचा आग्रह बाबासाहेबांनी धरला. ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या शाळेत दाखल झालेले आपले बाबासाहेब. संपाच्या नेत्यांनी ती मागणी घेतली, पण खळखळ करत. कामगार एकजुटीचं कौतुक करताना हे पान गाळणं मला अप्रामाणिक वाटतं. मालकानं पिळलं हे खरंच, पण ही भिंत कामगारांनीही राखली होती.

आता फिनिक्स गिरणीचा मॉल झालाय, चिमणी तेवढी उभी आहे. तिच्याकडून हे कळणार नाही. ते कळेल आपल्या गावांतल्या म्हाताऱ्यांकडून, ट्रंकेतल्या जुन्या पासातून, पगाराच्या चिठ्ठीतून. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांनी फोटो काढून इथं टाका. गिरणीचं नाव लिहाच, पण खातंही लिहा. आणि घरात कुणी त्या काळचं असेल तर विचारा, पाण्याचा माठ सगळ्यांचा एकच होता का?