ट्रॅक नको, एक चढ पुरे

जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोलर फिरवल्याचे फोटो आले की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण जुंपतं. एक बाजू म्हणते, रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या पोरांच्या गाड्याच उचला. दुसरी म्हणते, आधी ट्रॅक बांधून द्या, मग बोला. मी राहतो बर्मिंगहॅमला, त्यामुळे ‘तुला काय जातंय तिकडून बोलायला’ हे ऐकून घ्यावंच लागतं. तरी बोलतो, कारण मध्यंतरी शेल्सली वॉल्शची हिलक्लाइंब, म्हणजे चढाच्या रस्त्यावर घड्याळ लावून होणारी गाड्यांची शर्यत, पहिल्यांदाच पाहिली.

इंग्लंडच्या वूस्टरशरमधला हा खासगी रस्ता जेमतेम १००० यार्डांचा, म्हणजे किलोमीटरही नाही. १९०५ पासून इथे शर्यती होतात. एका वेळी एकच गाडी सुटते. चढावर ती मागे घसरू नये म्हणून एक जण चाकामागे ठोकळा सरकवतो. हिरवा दिवा लागला तरी घाई नाही. गाडी हलली की मगच घड्याळ सुरू. बेंबीपर्यंत हादरवणारा आवाज होतो आणि सगळ्यात वेगवान गाड्या पंचवीस सेकंदांच्या आत वर पोचलेल्या असतात. मग नुसतं थांबणं. एक गाडी गवतात घुसली, तर मार्शलनी, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्यांनी, ती बाजूला काढेपर्यंत पुढची सोडली नाही. मार्शल सगळे हौशी, बिनपगारी. खाली पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करतात त्या जागेत, कुणालाही गाड्यांमधून हिंडता येतं. एक बाप-लेक एकच गाडी आळीपाळीने चालवत होते. बाप खाली आला की लेक सीट पुढे सरकवून बसायची. खर्च निम्मा!

पुणे जिल्ह्यातल्या मंचर-खेडकडच्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटातही, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवरही, एकेक गाडा सुटतो आणि निकाल सेकंदावर लागतो. त्यावर २०१४ मध्ये बंदी आली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमांसकट शर्यत मान्य केली.

बंदी इंग्लंडमध्येही आलीच होती. १९२५ मध्ये कॉप हिल नावाच्या चढावरच्या शर्यतीत गाडी बघ्यांवर गेली, एकाचा पाय मोडला आणि सार्वजनिक रस्त्यांवरच्या अशा शर्यती संपल्या. शेल्सली टिकलं ते खासगी जागेत होतं म्हणून. म्हणजे ग्रुपवरच्या दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर. रस्त्यावर दया नकोच, तिथे दुधाची गाडी असते, शाळकरी पोरं असतात. पण ‘ट्रॅक द्या’ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ग्रेटर नोएडा असतं. फॉर्म्युला वनसाठी बांधलेल्या त्या ट्रॅकवर एफ-वनच्या शर्यती झाल्या तीन, २०११ ते २०१३. एवढा थाट कशाला? रहदारी नसलेला एक खासगी चढ, तपासलेल्या गाड्या, हेल्मेट, जागेवर उभी ॲम्ब्युलन्स आणि ती हलली की शर्यत थांबवणारा कडक माणूस, एवढ्यावर भागतं.

रात्री पुलावर उडणारी सगळीच पोरं तिथे येतील असं मी म्हणत नाही. काहींना नियम मोडण्याचीच नशा असते, त्यांचं पोलिसांनी बघावं. बाकीची येतील. पण प्रवेश फी बुलेटच्या हप्त्याएवढी ठेवली, तर तीही फिरकणार नाहीत.