डिस्कव्हरी जमिनीवरून कशी दिसली

‘डिस्कव्हरी’ या नासाच्या निवृत्त अंतराळयानाच्या (स्पेस शटल) संग्रहालयाकडच्या अखेरच्या प्रवासावरील एका लेखातली छायाचित्रे सोबतच्या विमानातून टिपलेली आहेत; जमिनीवरून ते दृश्य कसे दिसले, एवढेच मला जोडावेसे वाटते. १७ एप्रिल २०१२ रोजी सकाळी मी वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल मॉल’ या विस्तीर्ण मैदानावर उभा होतो. फ्लोरिडाहून निघालेले बोइंग ७४७ या यानाला पाठीवर घेऊन जेमतेम १,५०० फुटांवरून आले, तेव्हा गर्दी एकदम शांत झाली. कॅमेऱ्याचे एक्स्पोजर (आत येणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) आकाशाच्या उजेडानुसार ठेवल्यामुळे पहिल्या छायाचित्रांत यानाची नुसती काळी आकृती उमटली. ते वळून परत आले तेव्हा मात्र पांढऱ्या अंगावरचे तपकिरी ओघळ आणि इंजिने झाकणारे निमुळते शेपटीचे आवरण स्पष्ट टिपता आले. ते ओघळ म्हणजे ३९ मोहिमांच्या, वातावरणात शिरताना सोसलेल्या प्रचंड उष्णतेच्या खुणा होत, आणि स्मिथसोनियन संग्रहालयाने त्या पुसून न टाकता तशाच जपल्या, याचे मला फार समाधान वाटते. सुनीता विल्यम्स २००६ साली याच यानातून प्रथम अंतराळात गेल्या होत्या. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाजवळच्या, याच संग्रहालयाच्या उड्वार-हेझी केंद्रात आता त्या खुणा अगदी जवळून पाहता येतात.