‘फाउंड्रीला शेअर वाटणं परवडत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या फाउंड्री म्हणजे धातूच्या ओतकामाच्या उद्योजकांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हापुन्हा येतो. म्हणणं थोडक्यात असं: ईएसओपी (कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे ऑप्शन, देणारी योजना) हा बंगळुरूच्या स्टार्टअपचा प्रकार आहे, आपण शेअर दिले तर मालकी जाईल, शेअर बाजारात नाहीत म्हणून कामगाराकडे नुसता कागद राहील, आणि त्याला त्यातलं काही कळणारही नाही. त्यापेक्षा दिवाळीचा बोनस वाढवा.

‘नुसता कागद’ हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि तो अर्धा खराही आहे. ऑप्शन वापरून शेअर घेतला की त्या दिवसाची किंमत आणि भरलेली रक्कम यांतला फरक पगारात धरून आयकर लागतो. शेअर विकायला गिऱ्हाईक नाही, कर मात्र रोख भरायचा. हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे, पण ती ठरावीक मान्यताप्राप्त स्टार्टअपना. वीस वर्षं जुन्या फाउंड्रीला नाही.

पण यातून ‘हिस्सा देऊच नका’ हे निघत नाही, ‘ऑप्शन देऊ नका’ एवढंच निघतं. शेअरच्या वाढीव किमतीचा हक्क, म्हणजे एसएआर किंवा फँटम शेअर, हा वेगळा मार्ग आहे. समजा मशीन शॉपच्या सुपरवायझरला १,००० युनिट (एक युनिट म्हणजे एका शेअरच्या वाढीचा हक्क) दिले आणि आज शेअरची किंमत ५०० रुपये ठरली. चार वर्षांनी ती ९०० झाली, तर त्याला ४ लाख रुपये रोख मिळतात. करही त्याच पैशातून कापला जातो. एकही शेअर हलत नाही, मतदानाचा हक्क जात नाही. मालकी जाण्याची भीती इथेच मिटते.

खरी मेहनत किंमत ठरवण्यात आहे. आपला धंदा ट्रॅक्टर आणि गाड्यांच्या ऑर्डरींवर, पिग आयर्न आणि स्क्रॅपच्या भावावर वरखाली होतो. एकाच वर्षाच्या नफ्यावर किंमत काढली तर मंदीत निवृत्त होणारा माणूस उगाच मारला जातो. तीन वर्षांची सरासरी घ्या आणि सूत्र पहिल्याच दिवशी लिहून द्या. किंमत वाढते तसं कंपनीचं देणंही वाढतं, म्हणून दरवर्षी तरतूद करा आणि रक्कम हप्त्यांनी देण्याची मुभा ठेवा. हे न करता योजना जाहीर करणारा मालक पाचव्या वर्षी अडकतो.

‘आमची तर भागीदारी फर्म, शेअरच नाहीत’ असंही कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऐकायला मिळतं. भागीदारी कायदा १९३२ चं कलम ६ वाचा: नोकराला नफ्यातला वाटा मिळाला एवढ्यानेच तो भागीदार ठरत नाही. फर्मच्या वाढीतला वाटा कराराने देता येतो.

कामगाराला कळत नाही? या जिल्ह्यात साखर कारखान्याचा भाग (शेअर), सभासदत्व, लाभांश हे शब्द शेतकऱ्याच्या घरात रोजचे आहेत. आपल्या मोल्डिंग शॉपमधली पोरं त्याच घरांतून येतात. कागद मराठीत द्या, आकडे मांडून दाखवा.

बोनस द्यावाच, कायद्याने पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के द्यावा लागतोही. पण तो सरलेल्या वर्षाचा असतो. तुमचा पॅटर्न मेकर (साच्यासाठी नमुना बनवणारा कारागीर) आणखी पाच वर्षं टिकावा असं वाटत असेल, तर पाच वर्षांनी मिळणारं काहीतरी त्याच्या नावावर हवं.

एक गोष्ट मात्र विसरू नका. ईएसओपीच्या नियमांत कर्मचारी नोकरीत असताना वारला तर दिलेले सगळे ऑप्शन त्याच्या वारसांचे होतात. फँटम योजनेला तसं कायद्याचं संरक्षण नाही. ते कलम करारात तुम्हालाच घालावं लागेल.