बी पेरा, शंभरपट घ्या? हप्त्याचे पैसे पेरायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

‘तुझं देवावर जास्त प्रेम आहे की पैशावर?’ अशा प्रश्नानं सुरू होणारा एक लांबलचक मेसेज सध्या आपल्या चर्चच्या मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतोय. महिला मंडळ, तरुण संघ, उपवास-प्रार्थनेचा गट, सगळीकडे तोच, आणि खाली क्यूआर कोड. मी दोनदा पुसून टाकला. मग तो राहुरीकडच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिचा फोन आला, ‘या महिन्यात बचत गटाचा हप्ता नाही भरला आन् तेच पैसे बी म्हणून पेरले तर चालंल का रं?’ मावशी विधवा आहे. शेळ्यांसाठी काढलेलं कर्ज अजून फिटायचंय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: देवावर खरं प्रेम असेल तर आधी त्याला द्या, तो शंभरपट परत करतो. बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकात देवानं स्वतःच ‘माझी परीक्षा पाहा’ म्हटलंय. येशू श्रीमंत होता, गरिबी हा शाप आहे. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, कर्ज असेल तर कर्जाच्या पैशातूनच पेरा, कारण सारफथच्या विधवेनं शेवटची भाकर संदेष्ट्याला दिली होती.

सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीच्यांनी फार तर डोकं फिरेल, यानं घर बुडेल.

सारफथची गोष्ट १ राजे १७ मध्ये आहे. संदेष्टा एलीयानं आधी आपल्यासाठी छोटी भाकर मागितली, हे खरं. पण मागणारा एलीया स्वतः दुष्काळात उपाशी होता. भाकर घेऊन तो पुढच्या गावच्या विधवेकडे गेला नाही, तिच्याच घरी राहिला, तिच्याच मडक्यातलं खाल्लं. आणि तिला परत काय मिळालं? पाऊस पडेपर्यंत पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही. रोजची भाकर मिळत राहिली, एवढंच. शंभर पोती पीठ दारात येऊन पडल्याचं कुठं लिहिलेलं नाही.

पण मेसेज लिहिणाऱ्यानं चार पानं पुढं जाऊन २ राजे ४ वाचलं असतं तर त्याची बोटं थांबली असती. तिथंही एक विधवा आहे, आणि ती कर्जबाजारी आहे. नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, देवाचं भय बाळगणारा, तरी कर्ज ठेवून मेला. सावकार तिची दोन्ही मुलं गुलाम म्हणून न्यायला आलाय. ती एलीयाच्या शिष्याकडे, संदेष्टा अलीशाकडे रडत जाते. अलीशा तिला म्हणतो का, की घरात जे काही असेल ते आधी माझ्याकडे आण? तो विचारतो, घरात काय आहे? बुधलीभर तेल आहे. मग शेजारपाजारची रिकामी भांडी मागून आणायला लावतो, दार लावून ओतायला सांगतो. भांडी भरतात. ती पुन्हा विचारायला येते, आता काय करू? सातव्या वचनातलं उत्तर असं: जा, तेल वीक, कर्ज फेड, आणि उरेल त्यावर तू आणि तुझी मुलं जगा.

आधी कर्ज, मग मुलांचं पोट. अलीशानं त्या तेलाचा दहावा हिस्सा मागितला नाही, एक भांडंसुद्धा नाही. चमत्कार झाला तोही सावकाराचे पैसे चुकते व्हावेत म्हणून. ज्याला मावशीचा हप्ता देवाच्या नावानं हवाय, त्यानं हा अध्याय उपासनेत उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवावा. स्तोत्र ३७ तर उसनं घेऊन न फेडणाऱ्याला सरळ दुष्ट म्हणतं. बचत गटात मावशीचा हप्ता थकला तर तो भुर्दंड तिच्याच गल्लीतल्या बायांवर पडतो. त्यांच्या जिवावर देवाला दिलेलं दान कसलं?

त्याच अलीशाला, कोडातून बरा झालेला सेनापती नामान चांदी आणि वस्त्रं देऊ करतो तेव्हा तो साफ नाकारतो. चाकर गेहजी मागून पळत जाऊन दोन किक्कार (जुनं वजनाचं माप) चांदी उकळतो आणि कोड घेऊन घरी येतो. बरं झालेल्या माणसाकडून आशीर्वादाची किंमत वसूल करणारा त्या गोष्टीत हा एकच.

आता मलाखी ३:१०. हे वचन खरंच आहे आणि त्यात देव ‘दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) भांडारात आणा आणि प्रचीती पाहा’ म्हणतो हेही खरं. पण भांडार होतं मंदिराचं, धान्याचं, आणि ज्यांना वाट्याची जमीन नव्हती त्या लेव्यांचं, म्हणजे मंदिरसेवकांचं पोट त्यावर चालायचं. दशमांशाचा नियम ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात आहे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी येऊन पोटभर खावं म्हणून. म्हणजे नियमानुसार मावशी घेणाऱ्यांच्या रांगेत उभी आहे. शिवाय मलाखीच्या त्याच अध्यायात, पाच वचनं आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा-पोरक्यांना छळणाऱ्यांवर देव साक्ष द्यायला येतोय. ते वचन मेसेजमध्ये सापडलं नाही. क्यूआर कोडनं जागा खाल्ली असणार.

शंभरपट! मार्क १०:३० मध्ये शंभरपट आहे, पण काय काय? घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि ‘छळासह’. शंभर आया बँकेत कशा जमा होणार? घरदार सोडून मागं आलेल्या शिष्यांना येशू सांगतोय की तुम्हाला मोठं कुटुंब मिळेल, मारही बसेल. आणि हे तो बोलतो ते एक श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेल्यावर. त्या माणसाला सगळं विकून ‘गरिबांना दे’ म्हटलं होतं, ‘मला दे’ नव्हे.

येशू श्रीमंत होता, कारण त्याचा अंगरखा बिनशिवणीचा होता! यावर वेळ घालवत नाही. त्याच्या जन्मानंतर आईबापांनी पारव्यांचं अर्पण केलं (लूक २:२४), आणि कोकरू परवडत नसेल तर पक्षी चालतील ही सवलत लेवीय १२ मध्ये गरिबांसाठी होती. बस.

गरिबी शाप असेल तर १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढणारे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक कोणत्या शापाखाली होते? त्यांच्या हातात पैसा टिकत नसे हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, कौतुकानं आणि वैतागानंही.

एक गोष्ट मान्य करतो, मन नसताना. मेसेजमध्ये म्हटलंय की पैसा वाईट नाही, पैशाचा लोभ वाईट, आणि १ तीमथ्य ६:१० हेच सांगतं. २ करिंथ ९ मध्ये पेरणी आणि कापणीची भाषाही आहे. हात आखडता घेणाऱ्या ख्रिस्ती घरांना, माझ्याही, हे ऐकवायलाच हवं. पण तीमथ्याच्या त्याच अध्यायात पाच वचनं मागं प्रेषित पौल अशा लोकांना फटकारतो ज्यांना भक्ती हे कमाईचं साधन वाटतं. शंभर मिळतील म्हणून एक रुपया देणाऱ्याचं प्रेम कशावर आहे? शंभरावर. देव त्याला फक्त एजंट म्हणून हवाय. मेसेजनं पहिल्या ओळीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मेसेजनंच देऊन टाकलंय.

आणि ही शिकवण फार जुनीही नाही. अमेरिकेतले टीव्ही प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी ‘बी पेरण्या’ची कल्पना गेल्या शतकात लोकप्रिय केली. १९८७ साली त्यांनी जाहीर केलं होतं की ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव मला उचलून नेईल.

लोकांना लुबाडून श्रीमंत झालेल्या जकातदार जक्कयाचं पाहा. येशू घरी आला आणि त्याच्या पैशाचं काय झालं? अर्धा गरिबांना, आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट. येशूच्या वाट्याला पाहुणचार आला. आपल्याकडं देवावर प्रेम दाखवायचं असेल तर कांदा काढणाऱ्या बायांची मजुरी संध्याकाळी हातावर ठेवणं, काट्यात न मारणं, भावाच्या वाट्याची जमीन परत करणं, हे सगळं पडून आहे. त्याला क्यूआर कोड लागत नाही, म्हणून त्याचा मेसेज फिरत नाही.

मावशीनं त्या क्रमांकावर विचारलं होतं, पैसे कुठं जातात? उत्तर आलं, ‘ताई, शंका सैतानाकडून येते.’ पौलाला शंकेची भीती नव्हती. यरुशलेमच्या गरिबांसाठी मोठी वर्गणी नेताना त्यानं मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८). पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बॉस्टनमध्ये मंडळ स्थापन झालं, त्याचे अहवाल छापले जात.

तेव्हा गटांच्या अ‍ॅडमिनना विनंती. मेसेज पुन्हा आला तर वाद घालत बसू नका. खाली २ करिंथ ८:२० टाका आणि पाठवणाऱ्याकडे ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षीचा हिशेब मागा.