वाचनावरून माणूस कसा जोखावा

पोळ्याला गावी निघालात ना? मग पिशवीत एक जाडजूड कादंबरी टाकाच. वाचायची नाही हो! एसटीत मांडीवर अशी धरायची की कंडक्टरलाही मुखपृष्ठ दिसावं. तुमचं वाचन 11व्या पानावर अडलं असलं तरी खूण 300व्या पानात सरकवून ठेवा.

वाटेत रिद्धपूर लागलं तर मान फिरवून घ्या. 13व्या शतकात म्हाइंभटांनी ज्याला-त्याला विचारून, चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं ते याच गावात. असल्या ऐकीव मालाला मराठी गद्याचा पाया म्हणतात, आता बोला.

गावात पाय ठेवल्याबरोबर तपासणी सुरू करा. काकूंनी गजानन महाराजांच्या पोथीचे 21 अध्याय एका बैठकीत संपवले? ते वाचन नव्हे, पारायण. सोडून द्या. पानठेल्यावरचा पोट्टा कालचा पेपर शब्दकोड्यासकट चाटून-पुसून वाचतो? किरकोळ वाचक. तिकडे गडचिरोलीतल्या वडशाच्या बाजूला तर धान निघालं की लोक तिकीट काढून रात्रभर नाटक बघतात आणि रडतातसुद्धा. रडू येईल ते साहित्य कसलं?

खरी मजा काकाजींकडे. ओसरीवर बसा, कादंबरी शेजारी ठेवा आणि सहज विचारल्यासारखं विचारा, "काकाजी, सध्या काय वाचता?"

"डब्बा वाचतो ना बाबू."

हसू नका. 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून काकाजी औषधाचा प्रत्येक डबा वाचतात. डब्यावरचा त्रिकोण लाल असला तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आतलं घडीचं पत्रक मात्र मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

"तुये डोये चांगले हायेत. किती पाण्यात किती टाकाचं, थे वाचून दे बरं."

नाही म्हणता येत नाही. घ्या पत्रक. उन्हाकडे धरा, ओळीखाली बोट ठेवा, 'प्रति हेक्टरी'पाशी अडखळा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. प्रतीकं, शैली, आशय वगैरे इथं उपयोगी पडत नाहीत.

तोवर काकाजींनी तुमची कादंबरी मांडीवर घेतलेली असते. खुणेपाशी उघडून ते पानांची जाडी अंगठ्याने चाचपतात.

"300 पानं वाचले तुनं? सांग बरं, काय हाये याच्यात?"